टेंभुरखेडीचा चार्ज

भोयरकाकांच्या हाती एखादं काम दिलं, की दुसरं कोणीतरी समोर येऊन ‘घेतला’ म्हणेपर्यंत ते जागचे हलत नसत. काकू अंघोळीला जाताना गॅसवर दूध ठेवून ‘जरा पाहाजा’ म्हणाल्या, की काका स्टूल ओढून दुधासमोर बसत. दूध वर यायचं, काका गॅस बंद करायचे, दूध निवायचं, त्यावर साय धरायची, तरी काका तिथेच. दारात कुरिअरवाला बेल वाजवून वाजवून परत जायचा. मग काकू ओल्या केसांना टॉवेल गुंडाळत यायच्या आणि कपाळाला हात लावून म्हणायच्या, ‘‘घेतला बापा चार्ज. उठा आता.’’ काका घड्याळात पाहायचे. ‘‘नऊ वाजून सतरा मिनिटं. दूध एक लिटर. उतू गेलं नाही,’’ असं सांगायचे आणि मगच उठायचे.

एकदा एका लग्नात कोणीतरी त्यांना ‘बॅगेकडे लक्ष ठेवा’ म्हणून सांगितलं आणि तो गृहस्थ वरातीच्या बसमध्ये बसून वर्ध्याला निघून गेला. संध्याकाळी मंगल कार्यालयाचे लोक सतरंज्या गुंडाळत होते आणि काका एका लाल बॅगेशेजारी ताठ बसून होते. काकू आजही ही गोष्ट सांगताना हसतात, पण त्या दिवशी त्या तीन तास उपाशी बसल्या होत्या.

या सवयीचं मूळ खापरखेड्याला होतं. काकांनी तिथल्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये बत्तीस वर्षं काढली. पाळीत काय काय घडलं ते वेळेसकट लिहून ठेवायची एक जाडजूड वही तिथे असते, तिला लॉगबुक म्हणतात. पुढच्या पाळीचा माणूस येतो, लॉगबुक वाचतो, सही करतो. ती सही होईपर्यंत आधीच्या माणसाने खुर्ची सोडायची नाही. दुसरा नियम लाल टॅगचा. एखाद्या यंत्रावर कोणी काम करत असलं तर तिथे लाल टॅग लावतात, आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. रिटायर होऊन काका नागपुरात मनीषनगरला घर बांधून राहिले, पण हे दोन नियम ते कॉलनीतल्या क्वार्टरमधून सामानासोबत घेऊनच आले.

आता खरी गंमत अशी, की हा माणूस कादंबरीकार होता. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा त्यांच्या तीन कादंबऱ्या आल्या होत्या आणि तिन्ही टेंभुरखेडी नावाच्या गावात घडत होत्या. गाव नागपूरहून पॅसेंजरने पावणेदोन तासांवर, मंगळवारचा बाजार, एक जुनी विहीर, एक हॉटेल आणि स्टेशनासमोर दाजिबाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. असं गाव कुठेही नाही. तरी अमरावतीच्या एका वाचकाने नागपूर स्टेशनवर टेंभुरखेडीचं तिकीट मागितलं होतं आणि खिडकीतल्या बाबूशी भांडणही केलं होतं. काकांना ते कळल्यावर त्यांनी त्याला पत्र लिहिलं आणि जेवायला बोलावलं.

वाचकांची पत्रं यायची, त्यांतून पुढचं सगळं सुरू झालं. एकाने लिहिलं, तुमच्या गावात फोटो स्टुडिओ नाही, हे बरोबर नाही. काकांनी उलट टपाली कळवलं, ‘तर मग तुम्ही उघडा.’ त्याने खरंच स्टुडिओवर कथा लिहून पाठवली. मग एकीने शाळेत शिवणाची बाई आणली. लेखक आपल्या पात्रांना कसे जपतात ते मला ठाऊक आहे, कारण आता मीही तशीच आहे. काकांनी अख्खं गाव लोकांना राहायला देऊन टाकलं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी त्यांच्या वरच्या मजल्यावर गावसभा भरू लागली आणि सभेच्या टेबलावर एक कोरं लॉगबुक आलं.

मी नागपुरातच नंदनवन भागात राहते, विमा कार्यालयात कारकून आहे. मुलीच्या जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर मी गोष्टी लिहायचे आणि कोणाला दाखवायचे नाही. मुलीनेच एका रविवारी मला स्कूटीवर मागे बसवून सभेला नेऊन सोडलं. भिंतीवर कापडावर काढलेला गावाचा मोठा नकाशा, खाली पंधरावीस माणसं, प्रत्येकाच्या हातात तर्री-पोह्यांची बशी. काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बुटके, केस तेल लावून चोपडलेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं.

‘‘काय घेऊन आली वं?’’

‘‘काही नाही काका. ऐकायला आली.’’

‘‘ऐकायले घरी रेडिओ आहे ना. गावात यायचं असन तर घर पाह्यजे. कुठं राहशीन?’’

 मी विहिरीच्या मागची एक रिकामी जागा बोटाने दाखवली. काकांनी पेन काढून तिथे चौकोन काढला आणि आत माझं नाव लिहिलं, वंदना. ‘‘झालं घर. आता तू पानी कुठून भरतं, कोनाशी भांडतं, ते लिहून आन पुढच्या खेपेले.’’ मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याला दाखवायची म्हणून गोष्ट लिहिली ती त्या चौकोनासाठी.

पद्धत सोपी होती. महिन्याला एकाकडे गावाचा चार्ज. त्याने लॉगबुक घरी न्यायचं, सगळं वाचायचं, वाचलं म्हणून सही करायची आणि आपली कथा लिहायची. पुढच्या सभेत ती वाचून दाखवायची. वाचून झाली, की काका विचारायचे, ‘‘टाइम बोला.’’ कोणीतरी वेळ सांगायचं आणि काका कथेत घडलेलं सगळं लॉगबुकात चढवायचे. एकदा चढलं की ते झालं. ‘‘गाव कोनाच्या बापाचं नाही,’’ काका म्हणायचे, ‘‘पन एका टायमाले चार्ज एकाचाच. आन झालेलं पुसता येत नाही.’’

या शेवटच्या वाक्यावरून कितीतरी भांडणं झाली. पराग नावाचा आमच्यातला एक कॉम्प्युटरवाला मुलगा होता, त्याने देवळाला लागून मोबाइलचा टॉवर उभा केला. रेवतकर मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं घर नकाशात देवळासमोर होतं. पुढच्या सभेला त्या तावातावाने आल्या, हा टॉवर काढून टाका म्हणाल्या, गावाचं रूप बिघडलं. काका शांतपणे पोहे खात होते. ‘‘पुसता नाही येत मॅडम. पाडता येते. पाडा तुम्ही. पन कोनं पाडला, कायले पाडला आन पाडल्यावर कोनाचा फोन लागेना, थे लिहा.’’ मॅडमनी महिनाभर फणकारून लिहिलं आणि ती त्यांची सगळ्यांत चांगली कथा झाली. टॉवर मात्र शेवटी त्यांनी पाडला नाही. त्याच्या सावलीत भाजीवाली बसवली.

वर्षातून एकदा, जानेवारीत, टेंभुरखेडीची जत्रा भरायची. एखादा हॉल घ्यायचा, गावोगावचे वाचक यायचे, दारातच त्यांना टेंभुरखेडी ग्रामपंचायतीचा शिक्का मारलेला रहिवासी दाखला मिळायचा. कोणी पोस्टमन होऊन यायचं, कोणी शिवणाची बाई. काकू गावातल्या हॉटेलच्या पाटीखाली बसून कोथिंबिरीची सांबारवडी तळायच्या. आणि स्टेजवरून एक कथा वाचली जायची, जत्रेची कथा. माझ्या तिसऱ्या वर्षी तो मान माझ्याकडे आला.

त्या महिन्यात मुलीच्या परीक्षा होत्या, ऑफिसमध्ये दोन माणसं रजेवर होती. हे मी कारण म्हणून सांगते, पण खरं कारण ते नव्हतं. माझ्या डोक्यात कथा तयार होती आणि ती माझ्या दृष्टीने इतकी भारी होती, की लॉगबुक वाचायला मला धीर नव्हता. शेवटचं पान पाहिलं आणि डायनिंग टेबलाशी उभ्या उभ्या सही ठोकली. माझ्या कथेत दाजिबा मरत होता.

दाजिबा काकांच्या प्रत्येक कादंबरीत चारपाच पानं यायचा, कोणाच्या तरी चाकात हवा भरायचा, दोन शब्द सुनावायचा आणि जायचा. सगळ्यांचा लाडका. मी त्याला विहिरीत पडलेली एका शाळकरी मुलीची सायकल काढायला उतरवलं. सायकल वर आली, दाजिबा आला नाही.

कथा संपली. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. मग टाळ्या इतका वेळ वाजल्या, की मला कुठे पाहावं कळेना. काका पहिल्या रांगेत होते, त्यांनीही वाजवल्या. मग ते स्टेजवर आले, लॉगबुक उघडलं आणि विचारलं, ‘‘टाइम बोला.’’ कोणीतरी म्हणालं, अकरा चाळीस. काकांनी लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचलं, ‘‘अकरा चाळीस. दाजिबा वारला.’’ आवाज नेहमीसारखाच होता. मला वाटलं, मी जग जिंकलं.

जेवताना काकू माझ्या पानात वडी वाढायला वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘‘अवं वंदना, चार वर्षांपासून हे दाजिबावरच लिहून राहिले ना. मोठी कादंबरी. लाल टॅग लावला होता बाई त्यायनं. तू वाचला नाही का?’’

मी हातातली वडी पानात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी मनीषनगर गाठलं. काका नकाशाखाली बसले होते. मी काही बोलायच्या आधी त्यांनी लॉगबुक उघडून माझ्यासमोर सरकवलं. शेवटून तिसऱ्या पानावर लाल कागदाची पट्टी चिकटवली होती. ‘दाजिबा माझ्याकडे आहे. काम चालू. हात लावू नये. गु. भोयर.’ आणि पुढच्या पानावर, हे सर्व वाचले आहे म्हणून, माझी सही. चांगली वळणदार.

‘‘काका, ते रद्द करा. मी सगळ्यांना सांगते. ते स्वप्न होतं म्हणून लिहून देते.’’

‘‘सपन? दोनशे लोकायनं आपल्या कानानं ऐकलं.’’

‘‘पण तुमची कादंबरी?’’

‘‘दोनशे ऐंशी पानं झाली होती.’’

‘‘मग आता?’’

‘‘मग आता काय? मानूस गेला.’’ त्यांनी लॉगबुक मिटलं. मग मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला, पहिल्यांदा आणि शेवटचा. ‘‘मले दाजिबाचं काही नाही वं. तुनं न वाचता सही केली, त्याचं आहे. सही म्हनजे वाचलं. कंट्रोल रूममंधी अशी सही केली असती, तर आत काम करनारा मानूस जिताच भाजला असता.’’

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मी रडत होते. लाजेने अंग जळत होतं. मी म्हटलं, ‘‘मी आता नाही येत काका सभेला.’’

‘‘काहून? जाशीन कशी? चार्ज कोनाकडं आहे? पुढचा मानूस सही करेपर्यंत तुले हलता नाही येत.’’ त्यांनी माझ्याकडे रुमाल फेकला. ‘‘तेरवी कर त्याची. कोन कोन येते, कोन येत नाही, पंगतीत काय बोलतात, समदं लिहून आन. मारलं तुनं, तर जेवू पन तूच घाल.’’

ती कथा लिहायला मला महिना पुरला नाही, पण लिहिली. त्यानंतर काकांनी नवा नियम काढला. सही करण्याआधी ते एक प्रश्न विचारणार. पान चाळीस, पोस्टमनच्या सायकलीला घंटी आहे का? फोटो स्टुडिओच्या पडद्यावर कोणतं चित्र आहे? आम्ही त्याला तोंडी परीक्षा म्हणायचो. रेवतकर मॅडम त्यात एकदा नापास झाल्या आणि चार सभा रुसल्या.

दोनशे ऐंशी पानं काकांनी दोरीने बांधून माळ्यावर टाकली आणि दाजिबाच्या बंद दुकानापासून नवी कादंबरी सुरू केली. गावातल्या प्रत्येकाच्या सायकलीतली हवा जाते आणि प्रत्येकजण दाजिबाबद्दल एक खोटी गोष्ट सांगतो, अशी ती कादंबरी. दोन वर्षांनी ती आली. अर्पणपत्रिकेत लिहिलं होतं, ‘दाजिबाच्या मारेकरणीस.’ माझ्या सासूबाईंनी ते वाचून कोण ही बाई म्हणून विचारलं, तेव्हा मी चहा ठेवायला आत पळाले. सगळे म्हणाले, ही काकांची सर्वांत चांगली कादंबरी. मला ते खरं वाटायचं नाही. वाटायचं, माझ्या तोंडावर म्हणतात. मी काकांना दोनतीनदा विचारलं, खरं सांगा, जुनी चांगली होती की ही? दर वेळी ते म्हणायचे, ‘‘लॉगबुक वाच ना.’’ मी त्याला टोमणा समजायचे. माझ्याकडे चार्ज आला, की मी त्या जत्रेच्या दिवसाचं पान सोडून वाचायचे. ते एक पान उघडायची माझी छातीच होत नसे.

मागच्या वर्षी काकांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी काकूंना बाजूला बोलावून सांगितलं, पण काकांना ते आधीच कळलेलं होतं. त्यांनी पलंग वरच्या मजल्यावर, नकाशाखाली हलवायला लावला. सभेत एकच प्रश्न होता, जो कोणी विचारत नव्हतं. काकांच्या मागे गाव कोणाचं? प्रत्येकाने आपापलं गाव करून घेतलं, तर वर्षभरात टेंभुरखेडी उरणार नव्हती. एका रविवारी काकांनीच मला जवळ बोलावलं आणि पाच लॉगबुकांचा गठ्ठा काकूंना माझ्या मांडीवर ठेवायला सांगितला.

‘‘हा पक्का चार्ज. वाच आन सही कर.’’

‘‘मी? काका, इतक्या लोकांत मी?’’

‘‘न वाचता सही केली तर काय होते, हे अथी तुलेच माहीत आहे.’’

पाच लॉगबुकं वाचायला आठवडा पुरला असता. मी तीन आठवडे लावले. रोज पाच पानं, कधी चार. काकू फोन करायच्या, मी म्हणायचे, वाचतेय. नियम मला पाठ होता. पुढच्या माणसाची सही होईपर्यंत आधीच्या माणसाला खुर्ची सोडता येत नाही. मी सही करत नाही, तोवर काका जाऊ शकत नाहीत. पन्नाशीला टेकलेल्या बाईने असा विचार करणं वेडेपणाचं आहे, हे मला कळत होतं. तरी मी रोज पाचच पानं वाचायचे.

मग एका सकाळी फोन आला, काकूंच्या नंबरवरून, पण आवाज काकांचा. ‘‘वाचून राहिली का रोकून राहिली?’’

मी पुढ्यातली वही मिटली.

‘‘अवं, माही पाळी संपली. डबल ड्यूटी कायले करायले लावतं म्हाताऱ्याले?’’ ते हसले आणि हसताना त्यांना दम लागला.

त्या दिवशी मी तिसरं लॉगबुक घेऊन खिडकीशी बसले आणि ते पान उघडलं. अकरा चाळीस, दाजिबा वारला. त्याच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक नोंद होती, त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांची. ‘वंदनाने मारला. नीट मारला. मी चार वर्षं त्याला म्हातारा होऊ देत नव्हतो, म्हणून कादंबरी हलत नव्हती. आता हलेल. हे तिला कोणीही तोंडाने सांगायचं नाही, कारण सही न वाचता केली आहे. वाचेल तेव्हा कळेल. लाल टॅग मी काढला, पट्टी तिला दाखवण्यापुरती राहू दिली आहे. गु. भोयर.’

म्हणजे दुसऱ्या दिवशी माझ्यावर ओरडताना त्यांना हे सगळं ठाऊक होतं. मी इतकी वर्षं लाज बाळगून होते आणि उत्तर माझ्याच घरी, माझ्याच कपाटात कितीदा येऊन गेलं होतं. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. संध्याकाळपर्यंत उरलेलं सगळं वाचून काढलं. पाचव्या वहीच्या शेवटच्या पानावर काकांची शेवटची नोंद होती, अक्षर हललेलं. ‘खापरखेड्याहून रिटायर झालेला एक माणूस आज पॅसेंजरने टेंभुरखेडीत उतरला. दाजिबाचं बंद दुकान राहायला घेतलं आहे. पंक्चर काढता येत नाही, पण हवा भरून देतो. बाकी गावात सगळं ठीक.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मनीषनगरला गेले. काकूंनी त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं, खिशात तीन पेनं होतीच. परीक्षा झाली.

‘‘तिसरी वही. जत्रेचं पान.’’

‘‘दाजिबा वारला. टॅग काढला.’’

‘‘आन मंधातलं?’’

‘‘तेही वाचलं काका.’’

‘‘लय वर्षं लावली वं,’’ काका म्हणाले. त्यांचे डोळे हसत होते. ‘‘शेवटचं पान?’’

‘‘हवा भरून देतो.’’

‘‘कर सही.’’

मी सही केली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळात पाहिलं आणि सांगितलं, दहा वाजून वीस मिनिटं. ते म्हणाले, ‘‘घेतला?’’ मी म्हटलं, ‘‘घेतला.’’ त्यांनी पाय लांब केले आणि काकूंना चहा मागितला, अर्धा कप, आलं टाकून.

पुढच्या मंगळवारी काका गेले. मंगळवारी टेंभुरखेडीचा बाजार असतो.

त्यानंतरच्या सभेला वरच्या मजल्यावर बसायला जागा नव्हती. काकूंनी पोहे केले होते. चार्ज परागकडे जायचा होता. लॉगबुक त्याच्या हाती देण्यापूर्वी मी काकांच्या शेवटच्या नोंदीशेजारी एक लाल पट्टी चिकटवली. ‘हा माणूस माझ्याकडे आहे. काम चालू. हात लावू नये.’ खाली माझी सही.

परागने आठवडाभर वही वाचली आणि सही करायला माझ्या घरी आला. तोंडी परीक्षेत पास झाला. मग त्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, ‘‘ताई, हे काम किती दिवस चालन? मले त्याले एका कथेत घ्यायचं होतं.’’

मी म्हटलं, ‘‘घे ना. चाकात हवा भरून घे त्याच्याकडून. मारायचं तेवढं नाही.’’

‘‘आन टॅग?’’

‘‘लावणाऱ्यानंच काढायचा असतो,’’ मी म्हटलं, ‘‘आणि मी काही तो काढत नाही.’’